तंत्रज्ञानाचा नाद असलेला जोडीदार: गावात राहून शोध कसा घ्यायचा

बायोडाटावर 'बी.ई. कम्प्युटर' दिसलं की आवड जुळली, असं घरच्यांना वाटतं. विदर्भात हा निकष केव्हाच निकामी झाला आहे. १९८३ साली शेगावला आणि बडनेऱ्याला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची संख्या वाढत गेली, आणि आता जरा मोठ्या गावात दोन-चार घरं इंजिनिअरची सापडतातच. त्यातल्या बऱ्याच जणांनी मार्क जिथे बसले ती शाखा घेतली. शेवटची तोंडी परीक्षा संपली त्या दिवशी त्यांचा विषयही संपला. उलट आयटीआय करून तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला पोट्टा रात्री बारापर्यंत मदरबोर्डवर वाकलेला असतो. डिग्रीवरून प्रवेश कुठे मिळाला ते कळतं. नाद कळतो तो गेल्या सहा महिन्यांत हातांनी काय केलं यावरून. पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती रचलं आहे.

आधी स्वतःचं एक पान लिहा

'मला टेक्नॉलॉजी आवडते' हे वाक्य कुणालाही चिकटतं. कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: गेल्या सहा महिन्यांत काय बनवलं, काय बिघडवलं, आणि सध्या काय शिकताय. त्यातून नाद कुठल्या जातीचा आहे ते दिसेल. शेतातले सेन्सर आणि स्टार्टर, सोलर, ड्रोन, मोबाइल ॲप, मराठी टायपिंगची साधनं, नकाशे, हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेने चालवायचा बिनतारी संच) हे सगळं तंत्रज्ञानच, पण प्रत्येकाची संध्याकाळ वेगळी जाते. कोड लिहिणाऱ्याला चार तास शांतता लागते. दुरुस्तीवाल्याच्या दारात सतत माणसं असतात. दोघंही 'टेक्निकल' म्हणून सोयरीक जमते आणि मग एकाच खोलीत दोघांची पंचाईत होते.

त्याच पानावर खाली राहण्याचं लिहा: गावातच, तालुक्याला, की नागपूर-पुण्याला? इथे बहुतेकदा बोलणी फिसकटतात ती आवडीवरून नव्हे, राहण्यावरून. गावात राहून फ्रीलान्स काम करणाऱ्या मुलाला 'नोकरी नाही' म्हणून नकार येतो. मुलीला गावात राहून काम करायचं असलं, तर 'पुण्याचं स्थळ काहून सोडते?' असा घोर घरच्यांना लागतो. हे उत्तर आधी पक्कं असलं तर निम्मी धावपळ वाचते.

बायोडाटा

रास, नाडी, मामाचं कुळ, शेती किती एकर हे घरचे लिहितीलच, त्यावर भांडण काढू नका. भांडायचं ते 'छंद: वाचन, संगीत, प्रवास' या ओळीवर. ती खोडा आणि दोन ठोस ओळी टाका. नमुना: 'गावातल्या पाण्याच्या टाकीवर पातळी दाखवणारा सेन्सर स्वतः बसवला, आठ महिन्यांपासून चालू.' किंवा: 'बचत गटाच्या हिशेबासाठी मराठीत ॲप केलं, तीन गट वापरतात.' अपेक्षेच्या रकान्यात 'आयटीतली' किंवा 'आयटीतला' लिहिलं की पगार बघणारी स्थळं येतात. त्याऐवजी 'स्वतः काहीतरी बनवून पाहणारी' किंवा 'पाहणारा' लिहा, म्हणजे दहातली आठ स्थळं 'हे काय?' म्हणून पुढे सरकतील. उरलेल्या दोनांशीच आपलं काम आहे.

टायपिंगकडे लक्ष द्या. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बायोडाटा होतो आणि तशीच फाइल पाठवली तर समोरच्याच्या फोनवर नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून पाठवा. तळाशी तारीख टाका. व्हॉट्सॲपवर फिरणारा बायोडाटा दोन वर्षांनीही फिरतच असतो, लग्न झाल्यावरही फोन येतात. आधार नंबर, शेताचा गट नंबर, घराचं लोकेशन टाकू नका. मुलीच्या बायोडाटावर संपर्काला वडिलांचा, भावाचा किंवा मामाचा नंबर द्या.

कुठे पाहायचं

नाद असलेली माणसं जिथे काम करतात तिथे दिसतात. एमएस-सीआयटीचा कोर्स राज्यात २००१ पासून चालू आहे आणि तालुक्याच्या सेंटरवर शिकवणारी मुलगी किंवा मुलगा बहुतेकदा पंचक्रोशीतला सगळ्यात जाणता असतो, पण स्थळं शोधणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नसतं. सेतू केंद्र चालवणारे, शाळेत डिजिटल साधनं स्वतः तयार करणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक, पॉलिटेक्निकचे लॅब असिस्टंट यांचंही तेच. २०२३ पासून बचत गटातल्या महिलांना फवारणीच्या ड्रोनचं प्रशिक्षण मिळू लागलं आहे. ड्रोन उडवणाऱ्या बाईला बॅटरीचं चार्जिंग, नोझलचा दाब, वाऱ्याचा वेग हे रोजचं गणित. त्यांच्या घरी किंवा नात्यात लग्नाचं कुणी असलं तर विषय समजणारं घर आयतंच मिळतं.

प्रदर्शनं सोडू नका. हिवाळ्यात नागपूरला ॲग्रोव्हिजन भरतं. डिसेंबरअखेरीस, पंजाबराव देशमुखांच्या २७ डिसेंबरच्या जयंतीच्या सुमारास, अमरावती-अकोल्याकडे कृषी प्रदर्शनं असतात. गर्दीच्या वेळी स्टॉलवर माहितीपत्रक मिळतं, माणूस मिळत नाही. दुपारी जेवणानंतर किंवा शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा, तेव्हा बोलायला सवड असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट उन्हाळ्याच्या तोंडाशी मांडतात. तिथे ओळखीच्या प्राध्यापकामार्फत पाहुणा म्हणून जावं. कॉलेजच्या गेटवर घिरट्या घालणाऱ्याला कुणी 'टेक्निकल' समजत नाही.

समाजाच्या परिचय मेळाव्यांची पुस्तिका जाडजूड असते. ती उंची-पगार पाहत चाळू नका, फक्त व्यवसायाचा रकाना वाचा आणि विचित्र वाटेल ते अधोरेखित करा: 'घरून काम', 'स्वतःचं वर्कशॉप', 'सोलर फिटिंग', 'ट्रेनर'. मंचावर बोलायला जेमतेम एक मिनिट मिळतं. सगळे शिक्षण आणि कंपनी सांगतात. तुम्ही बनवलेली एक वस्तू सांगा, ती कुठे बसवली ते सांगा आणि खाली उतरा. ज्याला किंवा जिला कळायचं ते जेवणाच्या पंगतीत विचारायला येतं.

ऑनलाइनचं थोडं वेगळं आहे. मराठी विकिपीडिया, ओपनस्ट्रीटमॅप (सगळ्यांनी मिळून काढलेला नकाशा), गिटहब या कोडच्या साइटवरचे मुक्त प्रकल्प इथे माणसाचं काम तारखेसकट दिसतं. खोटं बोलायला जागा कमी. नाद असलेली माणसं हॅम रेडिओवरही भेटतात. त्याचा परवाना बाराव्या वर्षापासून घेता येतो. रिस्ट्रिक्टेड या वर्गाच्या परवान्याच्या परीक्षेला मोर्स (टिंब-रेषांची लिपी) लागत नाही. मात्र हॅमवर सांकेतिक भाषेत बोलायला बंदी आहे आणि जे बोलाल ते सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून मनातलं तिथे काढू नये.

या जागा लग्नमंडळं नाहीत, हे मुलांनी विशेष ध्यानात ठेवावं. अशा गटांत मुली थोड्या असतात आणि प्रत्येकीच्या इनबॉक्सात रात्री अकराला 'हाय' टाकणारे डझनभर. पहिला निरोप कामाविषयी, गटात, सगळ्यांदेखत. दोन-तीन आठवडे कामाचं बोलणं झाल्यावर एकदाच विचारा: 'घरच्यांमार्फत स्थळ म्हणून विचारलं तर चालेल का?' उत्तर फक्त तांत्रिक गोष्टींनाच येत असेल तर तेच उत्तर समजा. तिचा नंबर दुसऱ्याला देऊ नका. गावात अशा गोष्टीचा भुर्दंड मुलीलाच बसतो.

जिला किंवा ज्याला प्रत्यक्ष पाहिलं नाही, ते माणूस पैशाचा विषय काढत असेल, मग तो अडकलेलं पार्सल असो, ट्रेडिंगचं ॲप असो की 'आईचं ऑपरेशन', तर बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकतो.

पोह्यांच्या कार्यक्रमात

शेजारच्या खोलीत पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली पाच लाजण्यात जातात. उरलेल्या दहा मिनिटांत 'कोणती लँग्वेज येते?' विचारू नका, तो मुलाखतीचा प्रश्न झाला. विचारा: 'शेवटचं काय बिघडलं होतं आणि ते कसं सापडलं?' नाद असलेलं माणूस क्रम सांगतं: आधी केबल बदलून पाहिली, मग ॲडॅप्टर, मग कळलं की यूएसबीची तार नुसती चार्जिंगची होती, डेटाची नव्हती. नाद नसलेलं माणूस निकाल सांगतं: 'दुकानात दिला, झाला.' कुणी फोनचे मॉडेल आणि किमतीच सांगत बसलं तर तो खरेदीचा नाद. वाईट नाही, पण वेगळा.

दुसरी खूण ऐकण्याची. तिने 'मी पीसीबी (सर्किटचे छापील बोर्ड) डिझाइन करते' म्हटल्यावर तो पीसीबी म्हणजे काय ते तिलाच समजावून सांगू लागला, तर मुलीने चहा संपवून बाहेर यावं.

पंधरा दिवसांचं एक काम

दोन्ही घरांना स्थळ पटलं, पण साक्षगंध (साखरपुडा) व्हायचं आहे, हा मधला काळ सोन्याचा असतो आणि तो 'जेवण झालं का?' मध्ये वाया जातो. त्याऐवजी दोघांनी एकच छोटी वस्तू आपापल्या घरी बनवावी. भेटायची गरज नाही. घरच्यांना गच्चीवरची टाकी दिसते, त्यामुळे कुजबूजही नाही. पंपाचं ऑटोमेशन या कामाला घेऊ नका. तिथे ४१५ व्होल्टचा थ्री-फेज असतो, आणि ओलिताच्या दिवसांत मोटर जळली तर बोल होणाऱ्या सुनेला किंवा जावयाला लागतो. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा सेन्सर बरा. सगळं ५ व्होल्टवर चालतं.

लागतं ते असं: ईएसपी-३२ बोर्ड (वायफाय असलेला, कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), पाण्यापासून सुरक्षित असलेला जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनी पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा), ५ व्होल्टचा ॲडॅप्टर, १ किलो-ओहम आणि २ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर, झाकणाचा प्लास्टिक डबा. खर्च हजाराच्या आसपास. सेन्सरचा एको पिन (प्रतिध्वनी आल्याचं कळवणारा) ५ व्होल्ट देतो आणि बोर्डाचे पिन ३.३ व्होल्टचे, म्हणून एकोपासून १ किलो-ओहम, तिथून ग्राउंडला २ किलो-ओहम आणि मधल्या सांध्यावरून बोर्डाला तार. हे दोन रेझिस्टर 'चालते बिना त्याचं' म्हणून गाळणारा माणूस ओळखून ठेवा. चालतं, महिनाभर.

सेन्सर टाकीच्या झाकणाला, पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून २५ सेंटिमीटर उंच लावा. त्याहून जवळचं त्याला नीट मोजता येत नाही, आणि टाकी भरताच आकडे वाट्टेल तसे येऊ लागतात. भिंतीला खेटून लावला तर भिंतीचाच प्रतिध्वनी येतो. सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमले की एखादा आकडा उडी मारतो, म्हणून पाच वेळा मोजून मधला आकडा घ्या. सरासरी घेतली तर एक चुकार आकडा सगळं बिघडवतो. बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर 'नेटवर्कच सापडत नाही' म्हणून एक संध्याकाळ जाते. लाइन जाऊन परत आली की बोर्ड लगेच उठतो आणि राऊटरला वेळ लागतो. पुन्हा पुन्हा जोडणी करून पाहण्याची सोय कोडमध्ये नसेल तर रोज सकाळी कुणीतरी गच्चीवर चढून बटण दाबणार.

दोघांनी दर अर्ध्या तासाचा आकडा एका ऑनलाइन शीटमध्ये टाकावा. चार-पाच दिवसांत एक गंमत दिसते: कुणी पाणी वापरलं नाही तरी दुपारी टाकी थोडी भरल्यासारखी दिसते आणि पहाटे उतरते. कारण तापमान. २० अंशाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ४० अंशाला ३५५. कोडमध्ये वेग एकच ठेवला असला तर मीटरमागे तीनेक सेंटिमीटरची चूक होते. वैदर्भीय उन्हात तापलेल्या काळ्या टाकीत हे स्पष्ट दिसतं. हा फरक कोणी आधी पाहिला, 'असू दे, एवढं काय' कोण म्हणालं, आणि कोणी चूक झाली की आधी दुसऱ्याच्या कोडवर ढकललं, याची नोंद कागदावर नको, मनात ठेवा. दहा भेटींत जे कळलं नसतं ते एका टाकीने सांगितलेलं असतं.

वेळ पाहून घ्या. मृगाच्या पेरणीत, दसऱ्याच्या आसपास सोयाबीन कापणीत किंवा कापूस वेचणीत हे काम काढलं तर घरच्यांच्या शिव्या ठरलेल्या. हरभरा निघाल्यावर, होळी ते गुढीपाडवा हा काळ त्यातल्या त्यात मोकळा. लग्नाच्या तिथी त्यानंतर असतातच.

घर पाहायला जाल तेव्हा

मुलीकडचे घर पाहायला जातात तेव्हा विहीर, गोठा, ट्रॅक्टर पाहतात. त्यांच्यासोबत आणखी एक मोजणी करा. जिथे टेबल लागणार त्या खोलीत उभं राहून इंटरनेटचा वेग तपासा, दुपारी नव्हे, रात्री आठ ते नऊच्या दरम्यान, कारण तेव्हा सगळं गाव फोनवर असतं. डाउनलोडइतकाच अपलोड पाहा, व्हिडिओ मीटिंग त्यावरच अडते. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलं असलं तरी घरापर्यंत आलं का, ते वेगळं विचारा.

मग लाइनचं. लॅपटॉप ६० वॅट आणि राऊटर १२ वॅट धरला तर चार तासांना २८८ वॅट-तास लागतात. घरात १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर असेल आणि निम्मीच बॅटरी वापरायची म्हटली तरी सुमारे ९०० वॅट-तास मिळतात. काम भागतं. अर्थात त्याच इन्व्हर्टरवर तीन पंखे लावले नाहीत तर.

पंखे आणि वॅट सोपे. कठीण प्रश्न बैठकीत, मोठ्यांसमोर विचारायचा: संध्याकाळी सातला मीटिंग असली तर स्वयंपाक कोण पाहील? 'करू ना ॲडजस्ट' हे उत्तर धरू नका. सासूबाईंनी 'सोमवार-गुरुवार मी पाहीन' असं म्हटलं तर ते उत्तर. साक्षगंधाआधी हे बोललं नाही तर सोल्डरिंग आयर्न पहिल्या दिवाळीपर्यंत माळ्यावर जातं.

मुलाकडच्यांना मुलाचा नाद समजावणंही तितकंच जड. 'दिवसभर मोबाइलातच घुसून राह्यते' अशी तक्रार वडिलांचीच असते. त्यांना कोड दाखवू नका. रात्री दोनला लाइन आली तेव्हा शेतावर न जाता पंप कसा चालू झाला, त्या फेऱ्या किती वाचल्या, तो हिशेब दाखवा. पुढे सासऱ्यांसमोर तोच हिशेब ते स्वतःहून सांगतात.

जात आडवी आली तर

आवडीवरून शोधलं की जातीबाहेरचं स्थळ आवडण्याची शक्यता वाढते, हे आधीच धरून चाला. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात वेगळी असली तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून लग्न लावता येतं आणि नोंदणी होते. धर्म वेगळे असले, किंवा विधीच नको असले, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यासाठी मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला आलेला गावातला कुणीही ती वाचू शकतो. घरच्यांना ती बातमी त्याच्याकडून कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात तुमच्याकडून कळलेली बरी.

नकार द्यायचा असेल तर

आठ दिवसांत, ज्या मध्यस्थाने स्थळ आणलं त्याच्याच हाती निरोप द्या. कारण एका वाक्यात: 'राहायच्या जागेवर जमत नाही.' फोनमधला बायोडाटा आणि फोटो काढून टाका. पंधरा दिवस केलेल्या कामाचा कोड दोघांचा आहे, तो असू द्या. शीटमधला आपला प्रवेश मात्र स्वतःहून काढून घ्या आणि समोरच्याच्या खात्यावर चालणारं काही आपल्या बोर्डात उरलं असेल तर पासवर्ड बदलायला सांगा. टाकी तेवढी चालू ठेवा, घरच्यांना एव्हाना तिची सवय झालेली असते.